दयारामाचे पाय

"डोळे मीट, आणि टोचलं की हो म्हण," एवढंच डॉक्टर पाठारे म्हणाले होते. मी डोळे मिटून बसलो. खिडकीखालून एक भाजीवाली ओरडत गेली, बाहेरच्या बाकावर कुणाला तरी उचकी लागली होती ती थांबली, पुन्हा सुरू झाली. बराच वेळ गेला. मनात म्हटलं, म्हातारा टाचणी शोधतोय की झोपला? शेवटी मीच म्हणालो, "टोचा की डॉक्टर, परतीची मोटार चुकेल माझी." डॉक्टर हळूच म्हणाले, "उघड डोळे." उघडले तर माझ्या डाव्या पोटरीवर आणि पावलावर रक्ताचे सात थेंब. काही सुकायलाही लागलेले. मी त्या थेंबांकडे पाहिलं, डॉक्टरांच्या हातातल्या टाचणीकडे पाहिलं आणि अरे, मला हसू आलं! खरंच सांगतो, पहिल्यांदा हसूच आलं. म्हटलं, हे कुणाचं रक्त? दुसऱ्या कुणाचा पाय माझ्या गुडघ्याखाली आणून ठेवलाय यांनी?

आलो होतो मी साध्या कामाला. रेवस बंदरावर बोटीची तिकिटं देतो मी, बुधाजी दयाराम, सहा वर्षं झाली. कायम करायचं तर डॉक्टरचा दाखला आणा म्हणाले, म्हणून अलिबागेला आलो. डॉक्टरांनी जीभ पाहिली, छाती ठोकली, धोतर वर घ्यायला सांगितलं आणि पोटरीवरच्या त्या फिकट डागावर बोट ठेवलं. मी म्हटलं, जुना आहे, गजकर्ण असेल, खाजतसुद्धा नाही. "खाजत नाही, हेच तर," ते म्हणाले. आणि टाचणी. आता ते हात धूत होते, पाठमोरे. पाठमोरेच त्यांनी त्या रोगाचं नाव घेतलं. मी ते इथे लिहीत नाही. माझ्या हातून अजून ते लिहिलं जात नाही. आमच्याकडे तो शब्द बायका तोंडाला पदर लावून बोलतात. मी म्हणालो, "पण डॉक्टर, मला काही होत नाही हो! मी चार मैल चालतो, दोन भाकऱ्या खातो, झोप लागते." डॉक्टर टॉवेलला हात पुसत समोर येऊन बसले. "ऐक," म्हणाले, "मला तुझ्या पायात दिसतो तो रोग. तुला जे होतं ते दुखणं. ते तुला नाहीच. आणि तिसरं असतं ते आजारीपण. ते ना मी देत, ना तुझं शरीर देतं. ते लोक देतात. हे एकदा दिलं की परत घेत नाहीत. म्हणून आठ दिवस मी कागदावर काही लिहीत नाही. चालमोगऱ्याच्या तेलाची सुई असते, लवकर सुरू केली तर पाय राहतील तुझे." एवढं बोलून त्यांनी विचारलं, "लहानपणी एका चटईवर कोण कोण झोपायचं?" मी म्हटलं, बाप, मी आणि थोरला भाऊ धर्मा. "बाप?" गेला, दहा वर्षं झाली, तापानं. "मग भावाला घेऊन ये. आठ दिवसांत."

मोटारीत मी शेवटच्या बाकावर बसलो. शेजारी एक बाई टोपलीत सुकट घेऊन बसली होती, तिचं लुगडं माझ्या गुडघ्याला लागत होतं आणि मी अंग चोरत चोरत पार पत्र्याला टेकलो. ती म्हणाली, "बसा की नीट, जागा हाय." काल असती तर मी तिलाच सरक म्हणून खेकसलो असतो, माझा स्वभाव तसाच आहे. आज मी धोतर घोट्यापर्यंत ओढून घेतलं. सकाळचाच मी, सकाळचंच धोतर, पायात सकाळच्याच वहाणा, आणि मधल्या दोन तासांत काय झालं म्हणाल तर एका माणसानं एक शब्द उच्चारला. पायाला तर काहीच झालं नव्हतं. हे कसं शक्य आहे, हेच डोक्यात घण घालत होतं. खरूज झाली तर खाजतं, हिवताप आला तर हुडहुडी भरते. हा कसला रोग, जो काही करतच नाही? आणि मग एकदम धर्मा आठवला. कारण धर्मालाही काही झोंबत नाही. अख्ख्या खारेपाटात, आमच्या खाडीकाठच्या गावांत, त्याची तीच तर कीर्ती!

आमचं मिठागर कधी पाहिलंय तुम्ही? पाऊस सरला, शेतं कापून झाली की मिठाच्या वाफ्यांतलं गोडं पाणी काढतात आणि तळाची चिकणमाती पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखी करतात. मग उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, खाडीचं पाणी आत घेतात. पण त्याआधी आमच्या वाडीत एक रीत आहे. गेल्या सालचं उरलेलं, आटून आटून तेलकट झालेलं खारं पाणी एका कोपऱ्यातल्या, पावसात वरून शाकारलेल्या वाफ्यात राखून ठेवलेलं असतं. तुडवणीच्या पहिल्या दिवशी म्होरक्यानं त्या पाण्यात अनवाणी उभं राहायचं. शेतातल्या चिखलानं सगळ्यांच्याच पायांना आधीच भेगा पडलेल्या असतात, त्या भेगांत ते पाणी गेलं की डोक्यापर्यंत कळ जाते. खाडीवरून भरतीचं पाणी उघाडीला टेकेपर्यंत जो हूं का चूं न करता उभा राहील, त्याच्या पायात मीठ मुरलं म्हणतात. तो हंगामाचा म्होरक्या, त्याच्या पायावर नारळ फुटतो, आणि त्याच्या वाफ्याचं मीठ पांढरं होतं अशी समजूत. माझा बाप दयाराम सतरा वर्षं म्होरक्या होता. सतरा वर्षं! पाण्यात उभा राहून विडी ओढायचा, लोकांशी थट्टा करायचा. त्याच्या तळव्याला रुपयाएवढी जखम होती, कधी भरली नाही, कधी दुखली नाही. लोक ती एकमेकांना दाखवायचे, बघा, मीठ कसं आत गेलंय. आई रोज दिवेलागणीला त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची, खोबरेल चोळायची. आम्ही म्हणायचो, आईची भक्ती. बाप गेला आणि म्होरकेपण धर्माकडे आलं.

आणि मी? मी सात वर्षांचा असताना बापानं मला त्या पाण्यात उभं केलं आणि मी असा ओरडलो की बगळे उडाले. अख्खी वाडी हसली. "ह्याला शालेत घाला, ह्यो बामन हाय," कोंडाजी म्हणाला. कोंडाजी तेव्हाही म्हाताराच होता. धर्मा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तो ओठ दाबून उभा राहिला. बापानं त्याला खांद्यावर घेतलं. मला शाळेत घातलं. लोक म्हणतात शिकला, नशीब काढलं. पण मला विचाराल तर आजही तिकिटाच्या खिडकीत बसलो की मला ते हसणंच ऐकू येतं. नाजूक. नाजूक म्हणून हाकललं मला.

रेवसला घरी मैनाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की डॉक्टरनं पुन्हा बोलावलंय. तिनं ताट वाढलं. मी दाराशी बसून जेवतो म्हटलं, गरम होतंय. मार्गशीर्षात गरम होतंय! तिनं पाट दाराशी सरकवला. ती पाठमोरी झाली की मी टाचणी काढायची आणि टोचून बघायचं. घोट्याखाली डावा पाय सगळा गेलेला. उजव्याचा तळवा गेलेला, फक्त बोटांशी थोडी जाग. तीन दिवस हेच चाललं. आणि टोचताना मला गुणाजी दिसायचा. गुणाजी आमच्याच वाडीतला, माझ्या लहानपणी त्याचं नाक बसलं, बोटं आखडली. वाडीनं बांधापलीकडे त्याला झोपडी घालून दिली. एका धोंड्यावर भाकरी ठेवायची, ठेवणारा माघारी वळला की त्यानं यायचं, असा नेम. तो लांबून ओरडायचा, "अरं मना काय व्हत न्हाय! मी काम करीन, मना तुडवनीला घ्या!" आम्ही खिदळायचो. आणि त्या धोंड्यावर भाकरी ठेवायला कोण जायचं? माझा बाप. म्होरक्या म्हणून त्याचा मान होता तो. दयाराम भाकरी ठेवायचा आणि गुणाजी हात जोडायचा. एकाच रोगाची दोन माणसं धोंड्याच्या दोन बाजूंना, आणि कुणालाच ठाऊक नाही! हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा मी बंदराच्या कठड्याला धरून उभा राहिलो. बोट लागली होती, लोक तिकिटाला ओरडत होते.

चौथ्या दिवशी मी वाडीवर गेलो. तुडवणीचाच दिवस होता. धर्माला नेलं तर काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. टाचणी टोचली की संपलं. म्होरकेपण जाईल, बांधापलीकडची झोपडी अजून पडलेली नाही, नुसती शाकारली की झाली. आणि नाही नेलं तर त्याचे पाय जातील. सांगू की नको, सांगू की नको, प्रत्येक पावलाला मी उलट ठरवत गेलो. शेवटी ठरवलं की आधी मीच टोचून पाहायचं. निदान डॉक्टरच्या तोंडून तरी त्याला ऐकायला लागू नये.

धर्मा मिठाच्या खोपीमागे एकटाच बसला होता. मला बघून त्यानं घाईनं पाय धोतराखाली घेतले. "बुधा? तू कसा आज?" मी म्हटलं, असाच. इकडचं तिकडचं बोललो. मग म्हटलं, "धर्मा, डोळे मीट जरा. एक गंमत दावतो." तो हसला, "आजून तुजी शालेतली खोड गेली न्हाय," म्हणाला, आणि मिटले की हो डोळे, बिचाऱ्यानं. मी त्याच्या पावलावर टाचणी टेकवली आणि श्वास धरून दाबली.

"आय गं! मेलो! ये भाड्या, काय करतंस?"

धर्मा पाऊल धरून कळवळत होता. मी बघतच राहिलो. पुन्हा टोचली, दुसऱ्या पायाला, आणि त्यानं मला अशी लाथ मारली की मी मिठाच्या ढिगात जाऊन पडलो. पडल्या पडल्या मी हसायला लागलो. देवा, त्याला दुखतं! त्याला दुखतं! मी त्याच्या गळ्यात पडणार होतो, पण मधेच स्वतःचं आठवलं आणि हात मागे घेतला. "तुला कळतं?" मी विचारलं, "मग ते पाणी?" धर्मानं इकडे तिकडे पाहिलं. त्याचे ओठ वाकडे झाले, लहानपणी रडू दाबायचा तसे. "दर साली जीव जातो माजा," तो म्हणाला. "दात आवलून उभा ऱ्हातो. दोन-दोन दिस मंग पाय टेकवत न्हाय, पोटात दुकतंय सांगतो बायकोला. कुनाला सांगू? दयारामाचा पोर मी. मी वरडलो तर बापाचं नाव जाईल." त्यानं पाय पुढे केले. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, आत लाल मांस. "ह्या साली न्हाय जमायचं रं बुधा. सकालपासून हितं लपून बसलोय." दहा वर्षं हा माणूस दुखणं घेऊन उभा होता आणि लोक त्याला निबर म्हणत होते. डॉक्टरला दाखवला असता तर तो म्हणाला असता, ठणठणीत आहे, रोग नाही.

"आनि तुला रं? तू कशापायी टोचून बगतोस?"

मी धोतर वर घेतलं, त्याच्या देखत टाचणी पावलात अर्धी खुपसली आणि तशीच राहू दिली. धर्मा पुढे वाकला. माझ्या तोंडाकडे बघू लागला, पायाकडे बघू लागला. "झोंबत न्हाय?" नाही. "कायच न्हाय?" नाही, धर्मा, डॉक्टर म्हणतो हा रोग आहे. तो हसला. त्याच्या डोळ्यांत काय होतं सांगू? हेवा होता. "येडा का काय तू? रोग आसता तर दुकला आसता की! ह्ये बापाचं हाय. मी एवढा मरमर मेलो, आनि उतरलं तुज्या पायात. नशीबवान हायस लेका." मी तोंड उघडलं. तो शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात पलीकडून कोंडाजीची हाक आली, भरती निघाली म्हणून, आणि धर्माचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझा हात धरला. "बुधा, माज्या जागी उभा ऱ्हा. पाया पडतो तुज्या."

राहिलो उभा. का ते विचारू नका. धर्माचे पाय बघितले होते म्हणून, हे एक. दुसरं मला अजूनही नीट कबूल करता येत नाही. मी पायातली टाचणी उपटली, वहाणा काढल्या आणि त्या तेलकट पाण्यात उतरलो. बांधावर सत्तर-ऐंशी माणसं, हसायला तयार. कुणीतरी बगळ्यांची आठवण काढलीसुद्धा. उजव्या पायाच्या बोटांशी पाणी झोंबलं. त्या झोंबण्याला मी घट्ट धरून होतो. बाकी सगळं गप्प. ऊन चढलं. हळूहळू लोकांचं हसणं थांबलं. मी विडी मागितली, कुणीतरी पळत येऊन दिली. पाणी उघाडीला टेकलं तेव्हा कोंडाजी रडत होता. "दयाराम! दयाराम उतरला रं!" तो ओरडला आणि वाकून माझ्या पायाजवळ नारळ फोडला. मग एकेक जण आला. हातांनी पाणी बाजूला करून माझ्या पावलांना शिवत होते, हात कपाळाला लावत होते. ज्या पायांमुळे मी मोटारीत पत्र्याला चिकटून बसलो होतो, त्याच पायांना! शिवू नका म्हणून ओरडावं असं वाटत होतं आणि मी ओरडलो नाही. मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण पंचवीस वर्षांनी ते हसणं माझ्या कानातून गेलं आणि मला फार बरं वाटलं.

आई तेवढी आली नाही. सोनूबाई, म्होरक्याची आई, दर साली नारळाचा पहिला तुकडा तिला देतात. ती बांधावर लांब उभी होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती, काढून ठेवलेल्या माझ्या वहाणांकडे, डावीवरच्या वाळल्या रक्ताकडे बघत होती. मी वाडीतल्या घरी गेलो तेव्हा अंगणात तिनं घंगाळात कोमट पाणी काढून ठेवलं होतं, शेजारी खोबरेलाची वाटी. ऊन अजून उतरलं नव्हतं. "बस," म्हणाली. माझा डावा पाय तिनं मांडीवर ओढून घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला. अंगठ्यानं दाबत दाबत, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेच्या कडेनं, ती काहीतरी शोधत होती. मी तिच्या हातांकडे बघत होतो. हे चोळणं नव्हतं. हे कधीच चोळणं नव्हतं.

"कवापासनं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"तुला ठाऊक होतं?" मी म्हणालो. "बापाचं तुला ठाऊक होतं? सगळं?"

"नाव न्हाय दिलं मी. नाव दिलं आस्तं तर त्यो गुनाजीच्या बाजूला गेला आस्ता. मी रोज पाय बगायची. काटा, शिंपला, काय लागलं का. त्याला कलायचं न्हाय ना. मी बगायची. मरेस्तवर चालला तुजा बाप. मान घेऊन मेला."

"आणि आम्ही? आम्हाला त्याच्या चटईवर झोपवलंस तू! दोघांना!"

आईनं मान वर केली. तिचे डोळे कोरडे होते. "वायलं निजवलं आस्तं तर लोकांनी इचारलं आस्तं," ती म्हणाली.

मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. लाथ मारावीशी वाटली, धर्मानं मला मारली तशी. माझा पाय तिच्या हातात होता आणि तिची बोटं कुठे आहेत तेही मला कळत नव्हतं, बघितलं तरच कळत होतं. वाडीवर अजून आरोळ्या चालू होत्या, माझ्या नावाच्या. मी म्हणालो, "सुई असते त्याच्यावर. मी उद्या जाणार आहे अलिबागेला. लोकांना कळलं तर कळू दे. तूही येणार आहेस." तिनं पदराच्या टोकानं टाचेजवळ काहीतरी पुसलं, दोन नखांत धरलं आणि ओढलं. शिंपल्याची फोड होती, पेराएवढी, आत रुतलेली. बाहेर आली तशी रक्ताची धार लागली. आईनं ती फोड उन्हात धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"दुकलं का रं?"

सात वर्षांचा असताना मी ओरडलो होतो तेव्हा ही कुठे उभी होती ते मला आठवेना. तिचे ओले हात माझ्या पायाभोवती होते.

"दुखलं, आई," मी म्हणालो.

ती पुन्हा खाली वाकली आणि जखमेवर तेल सोडू लागली.

"तुजा बाप पन आसाच म्हनायचा," ती म्हणाली.